मदत हवी आहे: केमोच्या मधल्या काळात घरातली ओल, शेजारचं पाडकाम आणि बुरशीची भीती

नमस्कार. माझ्या बाबांना (वय 58) मे अखेरीस एएमएल (रक्ताचा कर्करोग) निघाला. पहिली केमो पुण्यात झाली: सात दिवस सायटाराबिन, त्यातले पहिले तीन दिवस डौनोरुबिसिनही. पुढे न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 100 च्या खाली गेले आणि जवळपास तीन आठवडे वर यायचं नाव घेईनात. अँटिबायोटिक चालू असूनही पाचव्या दिवशी ताप 102. छातीच्या सीटीत उजव्या फुप्फुसात गाठीसारखा डाग आणि रक्तातली गॅलॅक्टोमॅनन (बुरशीचा अंश शोधणारी) चाचणी पॉझिटिव्ह. अ‍ॅस्परजिलस बुरशी. आम्ही 2021 मधल्या काळ्या बुरशीचंच नाव ऐकलेलं. डॉक्टर म्हणाले ती म्यूकर, तिच्यावर व्होरिकोनाझोल ही बुरशीविरोधी गोळी चालत नाही. यांची बुरशी वेगळी आहे. यांना व्होरिकोनाझोलच दिली आणि त्याच गोळीनं ताप उतरला.

आता बाबा घरी, कऱ्हाडला आहेत. बोन मॅरो रेमिशनमध्ये आलाय (म्हणजे आजार आटोक्यात), पण दहा दिवसांनी पुढची केमो आहे आणि पेशी पुन्हा खाली जाणार. आमचं घर जुनं. यंदाच्या पावसानं मागच्या खोलीच्या भिंतीला पोपडे आलेत, कपाटामागे काळे डाग. त्यात शेजारचा वाडा पाडायला घेतलाय, दिवसभर धूळ. या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात, धुळीबरोबर थेट फुप्फुसात जातात, हे कळल्यापासून मला झोप नाही. बाबा घरात असताना भिंत खरवडायची नाही, झाडलोट करायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं, एवढं डॉक्टरांनी बजावलंय. मातीत हात नाही म्हणून तुळशीला पाणी घालणंही बंद. तीस वर्षं रोज सकाळी ते घालायचे. आता आई घालते आणि बाबा खिडकी बंद करून काचेतून बघतात. ते बघवत नाही.

मला विचारायचंय ते असं. पाडकाम संपेपर्यंत त्यांना मामाकडे साताऱ्याला हलवावं का? तिथे फ्लॅट कोरडा आहे, पण घरात दोन लहान मुलं, सर्दी-खोकला सतत. कुणी या दोन्हींतून निवड केली असेल तर काय केलंत?

दुसरं, गोळी रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात रंग भगभगीत दिसतात, उजेड सहन होत नाही म्हणतात. डॉक्टरांनी हे होतं असं सांगितलंय, तरी बाबा घाबरतात आणि डोस टाळायला बघतात. तुमच्याकडे हे किती दिवसांत कमी झालं?

आत्या गुळवेलीचा काढा पाठवतेय. मी थांबवलाय, कारण या गोळीचं इतर औषधांशी फार पटत नाही असं फार्मासिस्टनंही सांगितलं. आत्या रुसलीय, ते नंतर बघू.

शेवटचं आणि तातडीचं: व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी तपासायला सांगितलीय. सातारा, कऱ्हाड किंवा कोल्हापुरात नमुना घेऊन पुढे पाठवणारी लॅब कुणाला माहीत आहे का? पुण्याचा प्रवास या अवस्थेत शक्यतो टाळायचाय.