मदत हवी आहे: ३४ किलोच्या बाळ्याला घेऊन साताऱ्याजवळ कुठे जावं?

मंडळी, आमचा बाळ्या तीन वर्षांचा. आई लॅब्रॅडॉर, बाप वस्तीवरचा गावठी. स्वभाव गाईचा, पण धिप्पाड अंग बघून लोक आधी रस्ता बदलतात आणि मग लांबून विचारतात, "चावतो का हो?"

रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो, तिथे काही अडचण नाही. रविवारी मात्र त्याला लांब फिरायची हौस (खरं तर मलाच). मागच्या महिन्यात यवतेश्वर घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो, तर एका हॉटेलवाल्याने बाहेरच्या बाकड्यावरही बसू दिलं नाही. बायकोने गाडीत बसून मिसळ खाल्ली आणि बाळ्या तिच्या पावाकडे बघत लाळ गाळत राहिला.

त्या रस्त्याला किंवा ठोसेघरकडे अंगणात मोठं कुत्रं चालवून घेणारं हॉटेल कुणाला माहीत आहे का? बामणोलीला शिवसागरच्या बोटीत कुत्रं घेतात का? फुलांच्या हंगामात कास पठारावर त्याला नेणारच नाही, एवढ्या नाजूक फुलांत असला रेडा सोडणं बरं नव्हे.

आणखी एक. गर्दीसाठी जाळीचं मुसकं हवंय. कापडी मुसक्यात तोंड उघडत नाही, आणि कुत्र्याचं अंग धापा टाकूनच गार होतं, त्यामुळे उन्हात ते नकोच. लॅबच्या मापाचं त्याला घट्ट होतं. साताऱ्यात कुठे मिळेल? रेबीजची लस वेळेवर दिलेली आहे, कार्ड गाडीतच असतं.