शिबिराचे ४१२ फोटो, वेळ फक्त चार मिनिटं: स्लाइडशो कसा बसवू?

माणदेशी_मुलगी:

नमस्कार. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सातारा जिल्ह्यात. डिसेंबरात आमचं एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर माण तालुक्यातल्या एका गावात झालं. ओढ्याला अजून बारीक धार होती, म्हणून दोन वनराई बंधारे घातले. सिमेंटची रिकामी पोती आणायची, ओढ्यातलीच वाळू-माती भरायची, सुतळीने तोंडं शिवायची आणि थरावर थर रचत जायचं. सातव्या दिवशी सकाळी आवराआवर करून बघायला गेलो तर वरच्या अंगाला गुडघाभर पाणी तुंबलं होतं. आम्ही कुणीच काही बोललो नाही, नुसते काठावर उभे राहिलो.

याचा स्लाइडशो २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवायचा आहे. सरांनी चार मिनिटं दिली आहेत. गावातली माणसंही येणार आहेत, म्हणून मला तो नीट करायचाय.

नऊ जणांच्या मोबाइलमधले मिळून ४१२ फोटो आहेत. काढत काढत १३० वर आणले, आता एकही काढवत नाही. शॉटकट हे व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरते, कारण ते फुकट आहे आणि कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारत नाही. भावाचा जुना लॅपटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. सगळे फोटो टाइमलाइनवर टाकल्यापासून प्ले दाबलं की चित्र अडकत अडकत पुढे जातं. म्हणून प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये गेले, तर तिथे एकही फोटो सापडेना. निम्म्या मुलांनी फोटो उभे काढलेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. ग्रुपवरून आलेल्या फोटोंना तारीखच नाही, त्यामुळे पहिल्या दिवसाचा खड्डा आणि पाचव्या दिवसाचा खड्डा शेजारी शेजारी बसलेत. आणि मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ‘शिबिर’ लिहून पाहिलं तर वेलांट्या भलत्याच बाजूला गेल्या.

एक फोटो आहे, त्यात गावातली एक आजी कळशी तिरकी करून आमच्या ओंजळीत पाणी ओततेय. तो हललाय. आजीचा चेहरा पुसट आहे, पाण्याची धार मात्र स्पष्ट आलीय. तो ठेवू का?

—

मिक्सिंगवाला (मिरज):

लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करतो, २२ वर्षं झाली. व्हीएचएस कॅसेटपासून या धंद्यात आहे. तुझं सगळं वाचलं.

आधी हिशेब बघ. चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद. एक फोटो ५ सेकंद धरला तर ४८ फोटो. दोन फोटोंमध्ये एक सेकंदाचा डिझॉल्व्ह (पहिला फोटो विरत जातो, दुसरा उमटत येतो) दिलास तर ते एकमेकांवर चढतात, म्हणजे प्रत्येक फोटोमागे ४ सेकंदच लागतात आणि जवळजवळ ६० बसतात. पण प्रत्येक फोटोला सारखा वेळ द्यायचा नाही. हीच चूक सगळे करतात. पोती भरतानाचे दहा फोटो असतील तर दीड-दीड सेकंदाने साध्या कटवर पळव. पोती हातोहात पुढे जातात तशी ती चित्रंही पुढे गेली पाहिजेत. त्यातून वाचलेली सेकंदं दुसरीकडे वापर.

ती सेकंदं आजीला दे. फोटो हलला असला तरी ठेव, आणि आठ सेकंद ठेव. लग्नाच्या अल्बममधून मी आजवर हजारो हललेले फोटो काढून टाकले असतील, पण दोन-चार मुद्दाम ठेवलेत, आणि लोक तेच परत परत मागवतात. या फोटोत धार स्पष्ट आहे ना? मग तिथूनच सुरुवात कर. ओंजळीपासून अगदी सावकाश वर चेहऱ्याकडे जा. शॉटकटमध्ये ‘साइझ, पोझिशन अँड रोटेट’ हा फिल्टर लाव, पहिल्या फ्रेमवर एक कीफ्रेम (म्हणजे फोटो तिथे कुठे आणि केवढा दिसावा याची खूण), शेवटच्या फ्रेमवर दुसरी. या हालचालीला केन बर्न्स इफेक्ट म्हणतात, एका अमेरिकन माहितीपटकाराच्या नावावरून. मात्र सगळ्या फोटोंना हे करू नकोस, बघणाऱ्याला गरगरतं. पाच-सहा फोटोंना पुष्कळ झालं.

पान उलटणं, चांदणी फुटणं, बदामातून फोटो येणं, यातलं काहीही वापरू नकोस. दिवस बदलला की डिझॉल्व्ह, एकाच दिवसात कट. बघणारा न सांगता समजतो.

—

तिसरा_बाक:

तुम्ही ज्याला प्रोजेक्ट म्हणताय त्या फाइलमध्ये फोटो नसतातच. शॉटकटची एमएलटी फाइल म्हणजे नुसता मजकूर असतो: अमुक फोल्डरमधला अमुक फोटो, एवढी सेकंदं, हा फिल्टर. सगळ्याच एडिटिंग सॉफ्टवेअरचं साधारण असंच असतं. लॅबच्या मशीनवर ते फोटो नव्हते, मग सापडणार कुठून? एकच फोल्डर करा, त्यात फोटो, आवाज आणि प्रोजेक्टची फाइल तिन्ही ठेवा, आणि कुठेही जाताना तो अख्खा फोल्डर न्या. एकदा काम सुरू झालं की फोटोंची नावं बदलू नका.

लॅपटॉप अडकतो त्याचं कारण फोटोंचा आकार. डिस्कवर फोटो ४ एमबीचा दिसतो, पण पडद्यावर दाखवायचा तर तो पूर्ण उलगडावा लागतो. ४००० गुणिले ३००० पिक्सेल, प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे एका फोटोला ४८ एमबी रॅम. डिझॉल्व्हमध्ये असे दोन फोटो एकाच वेळी उघडे असतात. व्हिडिओ तुम्ही १९२० बाय १०८० चाच करणार. मग फोटो आधीच १९२० रुंदीचे करून घ्या, एकाला ११ एमबीच लागेल. ज्यांवर झूम करायचाय तेवढे मोठे राहू द्या, नाहीतर झूममध्ये फुटतील. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये सांभाळा, लहान केलेल्यावर काम करा.

ग्रुपवर साधा फोटो टाकला की तो लहान होतो आणि कधी काढला ही माहितीही जाते. नऊ जणांना पुन्हा मागा, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा म्हणावं. मग काढल्याच्या वेळेनुसार लावता येतील. कुणाकडे आयफोन असेल तर फोटो एचईआयसी प्रकारात येतील, ते आधी जेपीजी करून घ्या.

उभ्या फोटोंसाठी तोच फोटो खाली मोठा आणि धूसर करून टाकतात, वर मूळ फोटो. काळ्या पट्ट्यांपेक्षा डोळ्यांना बरं वाटतं. आणि हललेला फोटो मी तरी काढून टाकला असता. मोठ्या पडद्यावर तो अजून धूसर दिसेल.

—

अक्षरवेडी:

वेलांटीबद्दल सांगते. ‘शि’ लिहिताना वेलांटी आपण श च्या नंतर टाइप करतो, पण ती दिसते श च्या आधी. ही अदलाबदल आणि जोडाक्षरं जुळवण्याचं काम सॉफ्टवेअरने करायचं असतं. काही ॲप्स ते करत नाहीत, मग वेलांटी उजवीकडे लटकते आणि ‘श्रमदान’मधला श्र सुटतो. असं झालं तर त्या ॲपशी झटापट करू नकोस. लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये मजकूर लिही, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करून घे आणि ती फोटोवरच्या ट्रॅकवर ठेव. अक्षरं एकदा चित्र झाली की कुठल्याही मशीनवर मोडत नाहीत.

फॉन्ट युनिकोडच घे. मुक्ता किंवा बालू (Baloo) वापर, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे आहेत आणि मोफत मिळतात. मुक्ता लांबून चांगला वाचता येतो. आणि ओळी कमी ठेव. ‘दिवस तिसरा’ एवढं पुरे, ‘दिवस तिसरा: विद्यार्थी श्रमदान करताना’ नको. करताना ते दिसतातच.

—

माणदेशी_मुलगी:

सगळ्यांचे खूप आभार. फोटो लहान केल्यावर लॅपटॉप सुरळीत चालला. सात जणांनी मूळ फोटो पाठवले, दोघांनी मोबाइलमधून पुसून टाकलेत. तारखेने लावले तेव्हा एकाच मोबाइलचे सगळे फोटो तासभर मागे निघाले, त्याचं घड्याळ चुकलेलं होतं. सकाळच्या चहाचा एकच क्षण दोन मोबाइलमध्ये सापडला, त्यावरून फरक काढून जुळवले.

निवडायला मी वेगळीच रीत धरली. सगळे फोटो लॅपटॉपवर एकदाच दाखवले, आमच्या घरच्यांना, ज्यांना शिबिरातलं काहीच माहीत नव्हतं. आई जिथे ‘हे काय करताय?’ म्हणाली ते ठेवले. जिथे ती नुसतं ‘हं’ म्हणाली ते काढले. ५२ राहिले. आजी त्यात आहे. आई म्हणाली, ‘ही कोण गं?’

आता गाण्याचं विचारते. मुलांना एक गाजलेलं सिनेमातलं गाणं हवंय. सर म्हणतात नंतर यूट्यूबवरही टाकू.

—

खडू_फळा:

मी शिक्षिका आहे, दरवर्षी मुलांकडून असे स्लाइडशो करून घेते. गाणं नको, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावर ६० वर्षं हक्क असतो, आणि यूट्यूबची यंत्रणा गाण्याचा तुकडासुद्धा ओळखते. मग कधी आवाज बंद होतो, कधी व्हिडिओच दिसत नाही. पण माझं खरं कारण वेगळं आहे. गाजलेलं गाणं लागलं की हॉलमधली मुलं गाण्याबरोबर म्हणायला लागतात आणि पडद्याकडे बघत नाहीत.

नऊ मोबाइलमध्ये एखादा तरी व्हिडिओ असेलच. त्यात फावड्याचा आवाज असेल, ‘धर, धर, सोडू नको’ असं कुणी ओरडत असेल. शॉटकटमध्ये व्हिडिओच्या क्लिपवर राइट क्लिक केलं की ‘डिटॅच ऑडिओ’ मिळतं. तो आवाज फोटोंच्या खाली घाल बाई. जिथे संगीत हवंच वाटेल तिथे यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं मोफत, शांत काहीतरी घे.

आणि हॉलमध्ये आधी जाऊन बघ. कॉलेजातले पुष्कळ प्रोजेक्टर अजून १०२४ बाय ७६८ चे असतात, चौकोनाकडे झुकणारे. तुझा रुंद व्हिडिओ त्यावर वर-खाली पट्टे घेऊन लहान दिसेल, आणि खालच्या बारीक ओळी मागच्या रांगेला वाचता येणार नाहीत. पडदे ओढूनही उजेड येत असेल तर संध्याकाळचे काळपट फोटो आधीच उजळ करून ठेव.

—

माणदेशी_मुलगी:

काल दाखवला.

प्रोजेक्टर तसलाच होता, मॅडम. दोन दिवस आधी जाऊन पाहिलं म्हणून अक्षरं दुप्पट मोठी केली. आवाजासाठी ४० सेकंदांचा एक व्हिडिओ सापडला. त्यात रांगेतून पोतं पुढे देताना प्रत्येकजण ‘घे’ म्हणतोय. घे, घे, घे. मिक्सिंगवाल्या काकांनी सांगितले तसे दीड-दीड सेकंदाचे फोटो मी त्या ‘घे’वर कापले. ते बसवायला एक अख्खी रात्र गेली.

आजीच्या वेळी सगळा आवाज बंद केला. आठ सेकंद. तिसरा_बाक, तुम्ही म्हणालात तसा चेहरा पडद्यावर खरंच धूसर दिसला. पण आजी स्वतः पहिल्या रांगेत बसली होती. तिने शेजारणीचा हात धरला आणि कळशीकडे बोट केलं, ‘आमच्या आत्याबाईंची हाय ती.’ चेहऱ्याबद्दल काहीच बोलली नाही.

सरपंचांनी गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी प्रत मागितलीय. तिथे टीव्ही आहे, पेन ड्राइव्ह लावता येतो. रविवारी जाणार आहे. फाइल कशी काढून नेऊ म्हणजे तिथे नक्की चालेल?

—

मिक्सिंगवाला (मिरज):

एमपी४ मध्ये काढ, चित्र एच.२६४, आवाज एएसी. बिटरेट (दर सेकंदाला किती डेटा) ८ एमबीपीएस ठेवलास तर चार मिनिटांची फाइल २४० एमबीच्या आसपास होईल. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट कर, पुष्कळ जुने टीव्ही दुसरं वाचत नाहीत. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, पण तुझी लहानच आहे. फाइलचं नाव इंग्रजीत आणि छोटं दे, काही टीव्हींवर देवनागरी नावाचे चौकोन दिसतात. फाइल दोन पेन ड्राइव्हवर घेऊन जा. आणि आजीचा तो एक फोटो कागदावर काढून ने, चांगला आठ बाय बाराचा.