मुंबई बेटावरचे हिवाळी पक्षी : शिवडीला नेमके केव्हा जावे?

तापीकाठ (रावेर) यांचा प्रश्न

राम राम मंडळी. मी रावेर तालुक्यातला, केळीची शेती करणारा. गेली नऊ-दहा वर्षे हिवाळा लागला की हतनूर धरणाच्या फुगवट्यावर दुर्बीण घेऊन बसतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, पट्टकादंब हे पक्षी आता दुरूनही ओळखू येतात. समुद्राच्या बाबतीत मात्र मी पूर्ण अडाणी आहे.

मुलगी मुंबईला परळ भागात राहते. मागच्या जानेवारीत तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) पाहायचे ठरवले. भुसावळहून रात्रीच्या गाडीने निघून पहाटे दादरला उतरलो, सामान मुलीच्या घरी ठेवले आणि साडेसातला शिवडीच्या धक्क्यावर हजर झालो. ज्या चिखलाची छायाचित्रे पाहून गेलो होतो तो चिखल तिथे नव्हताच. धक्क्याच्या दगडांना गढूळ पाणी लागलेले होते, समोरून ऊन थेट डोळ्यांत येत होते आणि पक्षी म्हणाल तर घारी, कावळे व एका नावेच्या काठावर अंग चोरून बसलेला बगळा. नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. एकादशी असल्यामुळे मुलीने डब्यात साबुदाण्याची खिचडी दिली होती, ती तिथेच बसून खाल्ली आणि परत आलो. धक्क्यावरच्या एका माणसाने सांगितले की नवा पूल झाल्यापासून पक्षी येतच नाहीत.

येत्या जानेवारीत पुन्हा चार दिवस जाणे आहे. पक्षी खरोखरच गेले, की माझी वेळ चुकली? मुंबई मुळात बेटच असल्याने तिथल्या जुन्या बागांतही हिवाळी पाहुणे उतरत असतील असे वाटते. त्यांपैकी कोणत्या बागेत जावे हेही जाणकारांनी सांगावे.

खाडीकाठ यांचे उत्तर

तापीकाठ भाऊ, मी मूळचा पारोळ्याचा आणि नोकरीमुळे अठ्ठावीस वर्षे शिवडीत राहिलेला. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लिहून ठेवले आहे, ते त्या साबुदाण्याच्या खिचडीत आहे.

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची. अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती बाराच्या सुमारास येते आणि त्यानंतर रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. एकादशीला अकराची पाऊणपट म्हणजे सव्वाआठ. तुम्ही साडेसात ते नऊ धक्क्यावर होता, म्हणजे भरती शिगेला पोहोचली ती नेमकी तुमच्या डोळ्यांसमोर. ज्या चिखलात रोहित चरतात तो त्या वेळी पाण्याखाली होता. पक्षी अशा वेळी खाडीत आत, नवी मुंबईच्या बाजूच्या उथळ तळ्यांवर किंवा तिवरांच्या आडोशाला जाऊन थांबतात आणि पाणी उतरले की परततात. हतनूरला आपण सूर्य पाहून घरातून निघतो, कारण तिथले पाणी सकाळ-संध्याकाळ एकाच जागी असते. इथे आधी चंद्र पाहावा लागतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. शिवडीचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. दुपारनंतर ऊन आपल्या पाठीशी येते आणि गुलाबी रंग खुलतो. म्हणून दुपारी चढती भरती मिळेल अशी तिथी निवडावी. चतुर्थीला भरती तीनला पूर्ण होते, पंचमीला पावणेचारला आणि षष्ठीला साडेचारला. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. भरती पूर्ण होण्याच्या अडीच-तीन तास आधी धक्क्यावर जाऊन बसायचे. पूर्ण ओहोटीला पक्षी इतके दूर चिखलात असतात की दुर्बिणीतही ठिपकेच दिसतात. पाणी चढू लागले की चिखलाची पट्टी अरुंद होत जाते आणि पाण्याच्या कडेने चरणारा सगळा थवा आपोआप तुमच्याकडे सरकतो. तुम्ही जागचे हलायचे नाही. पाऊणपटीच्या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक राहते, म्हणून निघण्यापूर्वी मुंबई बंदराचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक अवश्य पाहावे.

आता पुलाविषयी. अटल सेतूचे उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झाले आणि तो शिवडीच्या चिखलावरूनच जातो. बांधकामाच्या काळात थवे खाडीत आत सरकले आणि शिवडीला पूर्वीची गर्दी राहिली नाही, हे मी स्वतः पाहिले आहे. पण ‘येतच नाहीत’ हे खरे नाही. शिवडीला समाधान झाले नाही तर ऐरोलीला जावे. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ मध्ये रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाला, २०२२ मध्ये रामसर यादीत (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत) गेला, आणि वन विभागाच्या केंद्रातून तिथे बोटीने नेतात. बोटही भरती पाहूनच सुटते, त्यामुळे वेळ आधी विचारून ठेवावी.

रोहितांत दोन जाती मिसळलेल्या असतात. लहान रोहिताची चोच गडद लाल, दुरून जवळजवळ काळीच वाटणारी. मोठ्याची चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. मळकट राखाडी रंगाचे, आकाराने रोहितच वाटणारे पक्षी दिसले तर ती पिल्ले आहेत, तिसरी जात शोधत बसू नये. (मी एक अख्खा हिवाळा शोधली होती.) त्यांच्या पायांशी गॉडविट, रेडशँक, कर्ल्यू आणि चिखल्या या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची धावपळ चालू असते. नवखा माणूस गुलाबी रंगात अडकतो आणि हे सगळे त्याच्या हातचे जाते.

थिरथिरा (धुळे) यांचे उत्तर

खाडीकाठ दादांनी समुद्राचे सांगितले, मी बागांचे सांगते. माझे माहेर गिरगावचे असल्याने दर हिवाळ्यात एक-दोन आठवडे तिथे जाणे होते.

भायखळ्याची राणीची बाग परळहून सर्वांत सोयीची. बाग १८६०च्या दशकातली आहे आणि गोरखचिंचेसारखी जुनी झाडे तिथे अजून उभी आहेत. बुधवारी ती बंद असते. रविवारी पिंजऱ्यांपुढे इतकी गर्दी होते की आवाज ऐकून पक्षी शोधणे अशक्य होते, म्हणून मधला वार धरावा आणि पिंजऱ्यांकडे पाठ करून झाडे पाहावीत. मलबार टेकडीवरची हँगिंग गार्डन १८८१ मध्ये पाण्याच्या टाकीवर बांधलेली आहे. तिथल्या कापून आकार दिलेल्या झुडपांत फारसे काही नसते, टेकडीच्या उतारावरच्या झाडीत असते. एकच बाग निवडायची असेल तर माझे मत धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानाला. मिठी नदीच्या काठी जिथे पूर्वी शहराचा कचरा टाकत, तिथे सदतीस एकरांवर झाडे लावून १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. एका बाजूला तिवरे आणि दुसऱ्या बाजूला दाट झाडी असल्याने खंड्या आणि हळद्या एकाच फेरीत भेटतात.

बागेत गेल्यावर भरभर चालू नये. मी एखाद्या वडाखाली किंवा पिंपळाखाली अर्धा तास उभी राहते. पहिली दहा मिनिटे तांबट पक्ष्याच्या ठोक्यांसारख्या आवाजाशिवाय काही कळत नाही. मग जुन्या घड्याळाला चावी द्यावी तशी बारीक ‘टिर्रर्र’ ऐकू येते, आणि खालच्या फांदीवर शेपटी वर उडवणारा लाल छातीचा माशीमार सापडतो. चिमणीएवढाही नसतो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे डाग दिसले की खात्री होते; छातीची लाली फक्त मोठ्या नरालाच असते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. वर पानांत सतत हलणारा हिरवट वटवट्या असतो. तो नीट दिसत नाही आणि मान मात्र दुखते.

भोरड्या (गुलाबी मैना) तर तुमच्या ओळखीच्याच. आपल्याकडे ज्वारीवर उतरल्या की गोफण शोधावी लागते. मुंबईच्या बागांत पांगारा आणि काटेसावर फुलली की त्याच भोरड्या फुलांतला मध पिताना दिसतात, आणि तोंडाला पराग लागून त्यांची डोकी पिवळट होतात. शेतकऱ्याने तो देखावा एकदा पाहावा असे मला मनापासून वाटते.

चांदवा (जळगाव) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त कुरवांची भर घालतो. चौपाटीवर किंवा गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीमागे थव्याने उडणारे पांढरे पक्षी म्हणजे कुरव. पुस्तकात ‘काळ्या डोक्याचा’ आणि ‘तपकिरी डोक्याचा’ अशी नावे वाचून लोक डोके पाहत बसतात, पण हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात आणि कानापाशी एक काळसर ठिपका तेवढा उरतो. डोक्याऐवजी पंखांची टोके पाहावीत. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या काळ्या टोकांत ठळक पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिका असतो. काळ्या डोक्याचा कुरव अंगाने थोडा लहान, डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी.

बोटीवरचे लोक त्यांना गाठिया आणि वेफर्स भिरकावतात. छायाचित्रासाठीसुद्धा तसे करू नये; तेलकट-खारट खाणे त्यांच्या पोटाला बाधते. साधनांविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो : हतनूरची दुर्बीण बागेत पुरेल, पण शिवडीला कोणाची तिवईवरची स्पॉटिंग स्कोप (दूरचे दाखवणारी एकनळी दुर्बीण) मिळाली तर जरूर मागून घ्यावी. आणि चिखलात उतरू नये. दिसायला तो आपल्या नदीच्या गाळासारखा असला तरी माणूस गुडघ्यापर्यंत रुततो.

तापीकाठ (रावेर)

सर्वांचे आभार. खाडीकाठ दादा, उत्तर वाचल्यावर भिंतीवरची दिनदर्शिका काढून हिशेब केला. मुलीकडच्या चार दिवसांत चतुर्थी आणि पंचमी दोन्ही येतात. चतुर्थीला सौभाग्यवती चंद्रोदयापर्यंत उपाशी असते, त्यामुळे त्या दिवशी तिला उन्हात नेणे बरे नव्हे. पंचमीला दुपारी एकला धक्क्यावर येतो. सकाळी निसर्ग उद्यान पाहून तिथूनच शिवडीला येणे जमेल का, आणि धक्क्यावर सावली असते का, एवढेच सांगावे.

खाडीकाठ

जमेल. सावलीचा भरवसा धरू नये, टोप्या आणाव्यात. मीही पंचमीला येतो, स्कोप माझ्याकडे आहे. तुम्ही येताना केळीचे वेफर्स आणा; ते आपण खाऊ, कुरवांना दाखवायचे नाहीत.