झाडाला लोखंडी टेकू : माया की हट्ट?

रानवाट: अ‍ॅमस्टरडॅमचं ते अ‍ॅन फ्रँकचं झाड आठवतंय का, ती ज्यू मुलगी नाझींपासून लपली होती त्या घरामागचं हॉर्स चेस्टनट, तिच्या डायरीत उल्लेख आहे बघा. बुरशीने खोड आतून पोखरलं, 2007 ला तोडायचं फायनल झालं, लोक कोर्टात गेले, तोड थांबली आणि 2008 मध्ये भोवती लोखंडी सांगाडा उभारला. 23 ऑगस्ट 2010, वादळ आलं आणि झाड पडलं, सांगाड्यासकट! जमिनीपासून मीटरभरावर मोडलं. मला विचाराल तर हे व्हेंटिलेटरवर ठेवल्यासारखंच, त्यापेक्षा नवीन रोप लावायचं ना.

पारंबी: रोपं केलीच की त्याच्या बियांपासून, अमेरिकेपर्यंत गेली. पण रोप म्हणजे ते झाड नव्हे. ती पोरगी पोटमाळ्यावरून बघायची ते हेच, आज्जी गेली तर नात आहे ना असं म्हणतो का आपण?

रानवाट: बिया झाड पडायच्या कितीतरी आधी गोळा केलेल्या, त्याला सांगाडा कशाला लागतो? आणि दोन वर्षांत पडलंच ना.

चिंचोका: सांगाडा झाडासाठी होता की आजूबाजूच्या घरांसाठी? गजबजलेली वस्ती आहे ती, नुसतं राम भरोसे सोडणार होते का? नशीब कुणाला लागलं नाही.

पारंबी: बरं आपल्या शेजारचं बघा, तेलंगणात महबूबनगरचा पिल्ललमर्री वड. वाळवी लागली, फांदी पडली, तर 2018 मध्ये सलाईनच्या बाटल्या टांगून थेंब थेंब वाळवीचं औषध सोडलं, फांद्यांखाली सिमेंटचे खांब दिले आणि पारंब्या पाइपातून जमिनीकडे नेल्या. हसले होते लोक. पण वडाचं गणितच वेगळं, पारंबी मातीत रुजून जाड झाली की तीच खांब होते, टेकू तेवढ्यापुरता उसना. हावड्याच्या बोटॅनिकल गार्डनमधल्या वडाचं तर मूळ खोडच सडलं म्हणून 1925 ला काढून टाकलं, तरी आज जंगलासारखा पसरलाय.

चिंचोका: +1. आणि आमच्या सोसायटीत आधी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक ठोकतात, पाणी मुरायला इंचभर जागा नाही, मग झाड कललं की मीटिंगमध्ये टेकूचं कोटेशन 🙄

रानवाट: पेव्हर ब्लॉकचं शंभर टक्के. वडाचंही मान्य, जा. पण चेस्टनटला पारंब्या कुठून आणणार होतात?