घडीच्या सायकलची सीट किती उंच ठेवावी?

पाऊलवाट:
२० इंची चाकांची घडीची सायकल घेतली आहे. थांबल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर टेकावेत म्हणून सीट खालीच ठेवते. पण थोडं अंतर गेलं की गुडघ्याच्या वाटीपाशी दुखायला लागतं. शिवाय घडी घालताना सीट पूर्ण खाली न्यावी लागते, मग परत तीच उंची काही सापडत नाही. कुणी नीट सांगेल का?

चेनवंगण:
वाटीपाशी दुखतंय म्हणजे बहुतेक सीटच खाली आहे. गुडघा खूप दुमडलेला असताना जोर लावावा लागला की ताण पुढच्या बाजूला येतो. सीटची उंची जमिनीवरून नाही, पॅडलवरून ठरवा. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं, बसून राहायचं नाही. चार दिवसांत सवय होते.

रोजचेच बूट घालून, भिंतीला हात टेकून सीटवर बसा. टाच पॅडलवर ठेवून पॅडल अगदी खाली न्या. पाय जेमतेम सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग टाचेच्या जागी चवडा ठेवा, गुडघ्यात आपोआप हलका बाक येईल, साधारण २५ ते ३५ अंशांचा. तोच हवा. पुढे फरक करायचा तर एका वेळी ३-४ मिलिमीटरच, आणि मग दोन-तीन फेऱ्या मारून बघायचं.

घडीच्या सायकलची एक गंमत लक्षात ठेवा. सीटचा दांडा लांब आणि मागे कललेला असतो, त्यामुळे सीट वर घेतली की ती मागेही जाते आणि हँडल लांब वाटू लागतं. अशा वेळी सीट तिच्या खालच्या रुळांवर थोडी पुढे सरकवा, उंची कमी करू नका. सीट पुढे घेतल्यावर उंची पुन्हा एकदा तपासा.

उतार_चढाव:
खुणेसाठी चिकटपट्टी लावू नका, दांडा खाली सरकवताना ती सोलून निघते. दांडा आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या वरच्या कडेला लागून दांड्यावर पेंट मार्करने बारीक रेघ मारा. पुसट झाली की परत मारायची. आणि दांड्यावर कंपनीने कोरलेली मर्यादेची रेघ बाहेर दिसेल इतका दांडा कधीच वर घेऊ नका. आत पुरेसा दांडा उरला नाही तर तो वाकतो, फ्रेमला तडाही जाऊ शकतो.

पाऊलवाट:
टाचेने मापून सीट वर घेतली. बरीच वर गेली, पण मर्यादेची रेघ अजून आतच आहे. फक्त खड्ड्यांतून गेलं की सीट हळूहळू खाली येते. ग्रीस लावू का?

चेनवंगण:
अजिबात नको, अजून घसरेल. दांडा बाहेर काढून तो आणि नळीची आतली बाजू स्पिरिटच्या फडक्याने पुसून घ्या. मग क्लॅम्पचा नट किंचित आवळा. क्लॅम्पचा खटका तळहाताने जोर लावून मिटावा लागला पाहिजे, बोटांनी मिटत असेल तर सैल आहे.

उतार_चढाव:
आता गुडघ्याच्या मागे ओढ वाटली किंवा पॅडल मारताना कंबर डोलायला लागली, तर उंची जरा जास्त झाली असं समजा आणि थोडी खाली घ्या.