डीसी-३ (डग्लस कंपनीचं प्रवासी विमान) की सी-४७ (त्याचंच लष्करी मालवाहू रूप)? फोटोवरून कसं ओळखायचं?

प्रश्न: फोटोतल्या विमानाला डाव्या बाजूला, पंखामागे, रुंद दुहेरी दार आहे. रंग मात्र प्रवासी कंपनीचा. मग हे नक्की कुठलं?

उत्तर: मूळ सी-४७च! जीप आत चढावी म्हणून ते दार. तळही त्यासाठीच भक्कम केलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अशी कितीतरी विमानं आसनं बसवून प्रवासी सेवेत आली. रंगावर अजिबात जाऊ नका.

दुसरं उत्तर: पण लहान दार म्हणजे नागरीच, असंही धरू नका. सी-५३ हे डीसी-३चं दुसरं लष्करी रूप छत्रीधारी सैनिकांसाठी होतं, त्याला मालाचं दार नव्हतंच.

पहिले उत्तरकर्ते: अगदी खरं. इंजिनावरूनही फसगत होते. १९३५च्या पहिल्या डीसी-३ला राइट सायक्लोन इंजिन होतं, पण पुढे सी-४७सारखं प्रॅट अँड व्हिटनी इंजिन नागरी डीसी-३लाही बसवलं गेलं.