मदत हवी आहे: ऑपरेशननंतर सीईए वाढलं, आता कोणती रक्ततपासणी करावी?

मृण्मयी_प
आईला (वय 61) मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, दुसरी स्टेज. सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं, केमो दिलेली नाही. सीईए (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रथिन) ऑपरेशनआधी 14.2 होतं, सहा आठवड्यांनी 1.9, चौथ्या महिन्यात 2.3 आणि आता 5.6 (नॅनोग्रॅम प्रति मिली). हा शेवटचा रिपोर्ट दुसऱ्या लॅबचा आहे. आई धूम्रपान करत नाही. कॅन्सर परत आलाय असं समजायचं का? सीटीडीएनए तपासणी करून घ्यावी का? आणि माझं वय 38, मला कोलनोस्कोपीऐवजी रक्तातून होणारी स्क्रीनिंग टेस्ट चालेल का?

अभिजित_बायोकेम
एका आकड्यावरून काहीच ठरवू नका, त्यातही लॅब बदललेली असताना. सीईए मोजणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात, म्हणून 2.3 आणि 5.6 थेट शेजारी मांडता येत नाहीत. जुन्या लॅबमध्ये, त्याच पद्धतीने, तीन-चार आठवड्यांत पुन्हा तपासा. उपाशी राहायची गरज नाही.

सीईए इतर कारणांनीही वाढतं: यकृताचे आजार, स्वादुपिंडाला सूज, आतड्याचा दाह, थायरॉईड कमी असणं, फुप्फुसाचे जुनाट विकार. रक्तातल्या काही अँटिबॉडी चाचणीत लुडबुड करून आकडा खोटाच वाढवतात. तसा संशय असेल तर लॅबला नमुना पातळ करून पुन्हा मोजायला सांगा. खरं सीईए असेल तर पातळ केल्याच्या प्रमाणातच उतरतं, अँटिबॉडीचा खोटा आकडा तसा उतरत नाही.

या तपासणीची ताकद किती, हेही माहीत असू द्या. अनेक अभ्यास एकत्र करून 2015 मध्ये झालेल्या आढाव्यानुसार, 5 ही मर्यादा धरली तर कॅन्सर परत आलेल्या 100 पैकी सुमारे 71 जण सापडतात आणि परत न आलेल्या 100 पैकी 12 जणांचा आकडा विनाकारण वर दिसतो. मर्यादा 10 धरली तर खोटी घंटा 3 जणांत वाजते, पण सापडणारे 68 वर येतात. त्यामुळे सीईए चांगलं आलं तरी ठरलेला सीटी स्कॅन टाळायचा नाही. दुसऱ्यांदाही वाढलेलं आलं तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी लगेच, आणि कोलनोस्कोपीही.

निशिगंध
सीटीडीएनएबद्दल. गाठीतून सुटून रक्तात आलेले डीएनएचे तुकडे ही तपासणी शोधते. दुसऱ्या स्टेजसाठी तिचा भक्कम पुरावा म्हणजे 2022 चा ‘डायनॅमिक’ नावाचा अभ्यास, 455 रुग्णांचा. ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त घेऊन केमोचा निर्णय केला. केमो 28 टक्क्यांऐवजी 15 टक्के रुग्णांनाच द्यावी लागली, आणि दोन वर्षांनी कॅन्सर न परतलेल्यांचं प्रमाण जवळपास सारखंच राहिलं. मात्र तो अभ्यास केमो द्यायची की नाही एवढ्यापुरता होता. तुमचा प्रश्न सातव्या महिन्याचा आहे. आत्ता ही तपासणी सीटीला पूरक ठरेल, पर्याय नाही. पोटाच्या आतल्या आवरणावर किंवा फुप्फुसात पसरलेला आजार रक्तात डीएनए कमी सोडतो, त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट पूर्ण खात्री देत नाही.

करायचीच असेल तर गाठीच्या जनुकबदलांवर बेतलेली घ्या. त्यासाठी ऑपरेशनच्या वेळचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) पॅथॉलॉजीतून मागवावा लागतो आणि पहिल्या रिपोर्टला काही आठवडे जातात. ब्लॉक न वापरणाऱ्या प्रकारात, वयानुसार रक्तपेशींमध्येच होणारे जनुकबदल कॅन्सरचे वाटू शकतात.

नमुना इथेच बिघडतो: साध्या ईडीटीए ट्यूबमध्ये (ईडीटीए म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन) रक्त पडून राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा अंश त्यात हरवतो. ईडीटीए असेल तर दोन-चार तासांत प्लाझ्मा, म्हणजे पेशी सोडून उरलेला रक्तातला द्रव, वेगळा व्हायला हवा. पेशी टिकवणारी खास ट्यूब असेल तर रक्त भरल्यावर आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करतात आणि ती खोलीच्या तापमानाला ठेवतात, फ्रीजमध्ये नाही. रक्त काढणाऱ्याला हे आधी विचारा, न लाजता.

तुमच्या स्वतःच्या तपासणीबद्दल स्पष्टच सांगते: नाही. 2024 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली शील्ड ही चाचणी 45 वर्षांवरच्या, सरासरी धोका असलेल्यांसाठी आहे. तिने अभ्यासात 83 टक्के कॅन्सर पकडले, पण पुढे कॅन्सर होऊ शकणाऱ्या मोठ्या गाठी जेमतेम 13 टक्के. शौचातलं रक्त शोधणारी फिट चाचणीही त्या 24 टक्क्यांच्या आसपास पकडते. आईला कॅन्सर झाल्याने तुमचा धोका सरासरी नाही. तुम्हाला कोलनोस्कोपीच, चाळिशीला किंवा आईच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. म्हणजे तुमच्यासाठी चाळिशी. त्याआधी आईच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये एमएमआर तपासणी (पेशींची डीएनए दुरुस्ती नीट चालते का, याची) झाली आहे का ते पाहा. तिच्यात दोष निघाला आणि पुढच्या जनुक तपासणीत लिंच सिंड्रोम (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) ठरला, तर तुमचीही जनुक तपासणी करावी लागेल. तीही पॉझिटिव्ह आली तर चाळिशीची वाट पाहायची नाही.

मृण्मयी_प
दोघांचेही आभार. एक राहिलं. ऑपरेशननंतर केस गळतात म्हणून आई रोज 10 मिलिग्रॅम बायोटिन (एक बी जीवनसत्त्व) घेतेय. त्याचा काही संबंध?

अभिजित_बायोकेम
आहे, आणि तो उलट बाजूचा आहे. ज्या मशीनची चाचणी बायोटिन आणि त्याला घट्ट चिकटणारं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन या जोडीवर चालते, तिथे रक्तातल्या जास्त बायोटिनमुळे सीईए खोटं कमी दिसतं. सगळ्या मशीन तशा नसतात. पहिली लॅब तशा पद्धतीची आणि दुसरी नसेल, तर 1.9 आणि 2.3 हेच आकडे खाली दाबलेले असू शकतात आणि 5.6 खरा. त्यामुळे लॅब बदलली म्हणून आकडा वाढला, असं समजून निवांत राहू नका. गोळी डॉक्टरांना सांगून थांबवा, किमान तीन दिवस जाऊ द्या आणि मगच रक्त द्या. दोन्ही लॅबना फोन करून मशीन आणि पद्धत विचारा, ती जुन्या रिपोर्टवर लिहून घ्या आणि पुढच्या आठवड्यात सगळे रिपोर्ट गोळीच्या पाकिटासकट डॉक्टरांसमोर ठेवा. गोळी नक्की कोणत्या तारखेपासून सुरू झाली, तेही.